उचल कुणाच्या नावे?

आत्या आयुष्यभर कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नेटवर्किंगचं काम करून निवृत्त झाली. मी त्याच्या वरच्या मजल्यावर असते. सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिते आणि रात्री-अपरात्री ते पडले की उठवून उभे करते. गेल्या महिन्यात पुण्याला तिच्याकडे गेले ती लॅपटॉप घेऊनच, कारण एक सर्व्हर सारखा पडत होता आणि शनिवारची पाळी माझी होती. जेवणं झाली, ताटं उचलायच्या आत आमचं जुंपलं. ते बोलणं आठवेल तसं उतरवून ठेवते आहे. तिचं म्हणणं मला त्या दिवशी पटलं नव्हतं, आणि अजूनही सगळं पटलेलं नाही.

मी : दर पाच तासांनी मरत होता गं. ‘टू मेनी ओपन फाइल्स’, एरर नंबर २४. एका प्रोसेसने एका वेळी किती फायली उघड्या ठेवायच्या याची मर्यादा १,०२४ होती, ती ६५,५३६ केली. थांबला मरायचा.

आत्या : किती दिवस?

मी : तेरा.

आत्या : मर्यादा चौसष्टपट केलीस. पाच तासांच्या चौसष्टपट म्हणजे ३२० तास, तेरा दिवस आणि वर आठ तास. हिशोब अगदी बरोबर आला की! तू दुखणं बरं केलं नाहीस, पुढची तारीख घेतलीस.

मी : माहितीये मला. म्हणून आता रोज पहाटे तीनला तो आपोआप रिस्टार्ट होतो. प्रोसेस संपली की तिने उघडं ठेवलेलं सगळं कर्नेल स्वतः बंद करतो. तुम्हीच लोकांनी करून ठेवलेली सोय आहे ही. मग वापरली तर बिघडलं कुठे?

आत्या : बिघडलं काही नाही. फक्त तुला अजून माहीत नाही, की काय गळतंय.

वाचकांपैकी सगळे या धंद्यातले नसतील, म्हणून थोडं सांगते. प्रोग्रामला फाइल हवी असो, नेटवर्कचं कनेक्शन हवं असो, तो कर्नेलकडे मागतो. कर्नेल त्याच्या हातात एक लहानसा आकडा ठेवतो. पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं की पितळी बिल्ला मिळायचा, तसा. त्या आकड्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे बहुधा आधीच दिलेले असतात. त्यानंतर जो सर्वांत लहान आकडा मोकळा असेल तो मिळतो. आकड्यामागे कर्नेलच्या दप्तरात उघड्या फायलीची एक नोंद असते आणि त्या नोंदीत एक मोजणी : आपल्याकडे बोट दाखवणारे किती जण आहेत. प्रोसेसने स्वतःची दुसरी प्रत काढली, की मोजणी एकाने वाढते. ‘क्लोज’ म्हटलं, की एकाने उतरते. शून्यावर आली, की नोंद मोडीत निघते. मोजणी वाढवली आणि उतरवायची राहिली, की झाली गळती. या सगळ्या प्रकरणात चूक एवढीच असते.

आत्याने ताटं बाजूला सारली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाची डिरेक्टरी असते. तिच्यात प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचा एक कप्पा, त्या कप्प्यात ‘एफडी’ नावाचा आणखी एक, आणि त्यात त्या प्रोसेसच्या हातातले सगळे आकडे. तिने यादी काढली. रात्रीचे आठ वाजले होते, म्हणजे रिस्टार्टला सतरा तास झाले होते. ३,४०० च्या वर ओळी पडद्यावरून धावत गेल्या. सुरुवातीच्या तीसेक ओळी वेगवेगळ्या होत्या : लॉगची फाइल, डेटाबेस, दोन-चार पाइप. त्यानंतर एकच शब्द. सॉकेट, सॉकेट, सॉकेट. सॉकेट म्हणजे नेटवर्कच्या कनेक्शनचं आपल्याकडचं टोक.

आत्या : आता या सॉकेटची अवस्था काय आहे ते विचार.

विचारलं. जवळजवळ सगळी ‘क्लोज-वेट’मध्ये.

आत्या : म्हणजे पलीकडच्याने फोन ठेवलाय. आपल्या कर्नेलला ते कळलंय. तुझ्या प्रोग्रामनेही रिसीव्हर खाली ठेवावा म्हणून तो ताटकळलाय, आणि या अवस्थेला मुदत नसते. तुझा प्रोग्राम क्लोज म्हणेपर्यंत तो वर्षभरसुद्धा थांबेल. पलीकडे कोण आहे?

सगळ्या ओळींत पलीकडचा पत्ता एकच निघाला. एका बाहेरच्या सेवेला आम्ही काही विचारतो, तिचा पत्ता. तिला विचारणारा भाग जुना, सी भाषेतला. उघडून बघितला. कनेक्शन घ्यायचं, प्रश्न पाठवायचा, उत्तर वाचायचं, शेवटच्या ओळीत क्लोज. मधे एक ‘इफ’ होता : उत्तरात चूक असेल तर तिथूनच परत फिरा. परत फिरताना क्लोज नव्हतं. उत्तर बरोबर आलं तर सगळं आवरलं जायचं; चुकीचं आलं की एक सॉकेट तसंच उघडं.

आत्या : किती वेळ लागला?

मी : वीस मिनिटं. पण आत्या, हे सोपं होतं. इथे यादी होती. प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहिलेलं होतं. ‘एलएसओएफ’ चालवलं की कुठला प्रोग्राम काय धरून बसलाय ते ओळीने दिसतं. तुझ्या कर्नेलच्या आत असं काही नसतं. आत एक मोजणी असते फक्त. ती एकने जास्त आहे एवढंच कळतं. ती एक कुणाची, हे विचारणार कुणाला?

या प्रश्नावर ती गप्प बसली. मग म्हणाली ते महत्त्वाचं आहे, म्हणून तिच्या शब्दांत देते. (कंटेनर म्हणजे बाकीच्या मशीनपासून भिंती घालून वेगळा ठेवलेला प्रोग्राम; डॉकर हे असे कंटेनर चालवायचं साधन.)

आत्या : हेच तर माझं सगळं आयुष्य गं. ‘वेटिंग फॉर एलओ टू बिकम फ्री. यूसेज काउंट = १.’ दर दहा सेकंदांनी पडद्यावर हीच ओळ. कंटेनर बंद करायला घेतला, की त्याचं आतलं नेटवर्क मोडायचं असतं, आणि त्यातलं ‘एलओ’ नावाचं उपकरण कुणीतरी धरून ठेवलेलं. ते सुटेपर्यंत पुढचं काही हलत नाही. नवे कंटेनरसुद्धा रांगेत अडकून पडतात. डॉकर वापरणाऱ्या कितीतरी लोकांनी ही ओळ वर्षानुवर्षं बघितली. आणि तुझा रिस्टार्ट इथे चालत नाही, कारण इथे प्रोसेस मरून झालेली असते. रिस्टार्ट करायचा तर आख्खं मशीनच करावं लागतं.

मी : मग शोधायचीस कशी?

आत्या : अण्णा पतपेढीत होते ते तुला आठवत नसेल. संध्याकाळी ताळा लागला नाही, तर घरी यायचे नाहीत. फरकाला नऊने भाग जातोय का, ते आधी बघायचे. जात असेल, तर कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेत, ४५ चे ५४ केलेत. मग रोजकीर्द उघडायची आणि एकेक नोंद खतावणीशी ताडून बघायची. पण त्यांच्याकडे रोजकीर्द होती! माझ्याकडे काय, तर शिल्लक एक. मोजणी दिवसभरात लाखो वेळा चढली-उतरली आणि दर वेळी आधीचा आकडा पुसून नवा लिहिला गेला. कुणी उचल केली, कुणी फेडली, कुठेच लिहिलेलं नाही. मग आपण वही तयार करायची. मोजणी वाढवणाऱ्या प्रत्येक जागी एक छापायची ओळ, उतरवणाऱ्या प्रत्येक जागी एक, आणि दोन्हीकडे ‘कोणी बोलावलं’ याचा पत्ता. लाखो ओळी जमा व्हायच्या. त्यांच्या जोड्या लावायच्या, आणि ज्याला जोडी नाही तो आपला माणूस. त्यातही, छापण्यात जो वेळ जातो त्याने सगळ्याची लय बदलते, आणि कधीकधी गळतीच थांबते. छापणं काढलं की परत सुरू.

मी : आणि तू मला वीस मिनिटं मोजायला लावतेस!

आत्या : पुढे ऐक. २०२१ च्या अखेरीला एरिक दुमाझे यांनी ‘रेफ ट्रॅकर’ लिहिलं, ते लिनक्स ५.१७ मध्ये आलं. कल्पना अण्णांचीच म्हण. जो मोजणी वाढवेल त्याला एक पावती मिळते आणि त्या पावतीवर, कुठून कुठून येऊन त्याने उचल केली, त्याचा पूर्ण माग लिहिलेला असतो. उतरवताना तीच पावती परत द्यायची. एकच पावती दोनदा आली, तर तिथल्या तिथे ओरड. शेवटी काही पावत्या उरल्या, तर त्या वाचून दाखवायच्या. ‘काउंट = १’ या ओळीनंतर उचल करणाऱ्याचं नाव-गाव येतं. मी ते पहिल्यांदा चालवलं तेव्हा दोन वर्षं लपलेली गळती एका दुपारी सापडली. रडू आलं मला.

तिच्या डोळ्यांत त्या आठवणीनेही पाणी होतं. पण माझा मुद्दा संपला नव्हता.

मी : आत्या, पण ते नेहमीच्या कर्नेलमध्ये बंद असतं ना? प्रत्येक उचलीला पावती म्हणजे मेमरी आणि वेळ दोन्ही. माझ्या चालत्या सर्व्हरवर मला ते कुणी चालू करू देणार नाही. म्हणजे जिथे गळतं तिथे वही नाही, आणि जिथे वही आहे तिथे गळेलच असं नाही.

आत्या : हे खरं आहे.

मी : आणि कर्नेल लिहिणाऱ्यांनीच गळती चालेल असं ठरवलंय की. रेफकाउंट-टी!

हे मी जरा जोरात म्हणाले, कारण हा माझा हुकमाचा पत्ता होता. २०१६ च्या जानेवारीत पर्सेप्शन पॉइंट या सुरक्षा कंपनीने लिनक्समधली एक खोट उघड केली, सीव्हीई-२०१६-०७२८. लिनक्स प्रत्येक प्रोसेसच्या किल्ल्या एका जुडग्यात ठेवतो. प्रोसेसने ‘मला अमुक जुडगा दे’ म्हटलं आणि तो तिच्याकडे आधीपासूनच असला, तर कर्नेल तो शोधायचा, मोजणी एकाने वाढवायचा, ‘हा तर आहेच’ म्हणून परत फिरायचा, आणि उतरवायला विसरायचा. माझ्या सी मधल्या त्या ‘इफ’सारखंच. मोजणी ३२ बिटांची. ४,२९,४९,६७,२९६ वेळा तोच जुडगा मागितला, की मोटारीचं मीटर फिरून शून्यावर यावं तशी ती शून्यावर यायची. शून्य म्हणजे कुणाचंच नाही, म्हणून कर्नेल जुडगा मोडीत काढायचा. प्रोसेसच्या हातात मात्र तो अजून असायचा. त्या मोकळ्या झालेल्या जागेत आपल्याला हवं ते भरून संपूर्ण मशीनचा ताबा घेता यायचा. त्यांच्या प्रोग्रामला त्यासाठी साधारण अर्धा तास लागत होता. दुरुस्ती एका ओळीची : परत फिरताना मोजणी उतरवा.

पुढच्या वर्षी लिनक्स ४.११ मध्ये रेफकाउंट-टी आलं. ही मोजणी फिरून शून्यावर येतच नाही. फार वाढली, की ती वर अडकून बसते आणि ती वस्तू मग कधीच मोडीत निघत नाही. ‘सॅच्युरेटेड, लीकिंग मेमरी’ अशी ओळ लॉगमध्ये येते.

मी : म्हणजे त्यांनी जाणूनबुजून गळती निवडली. वस्तू चुकून मोडण्यापेक्षा गळलेली बरी. मग माझा पहाटेचा रिस्टार्ट काय वेगळा आहे?

आत्या : निवड बरोबरच आहे. तुला वाटतंय त्यापेक्षा मला ती जास्त पटते, कारण उलटी चूक मी केलेली आहे.

आणि तिने मला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. ती पस्तिशीत होती. एका सर्व्हरमध्ये सॉकेट गळत होतं. तिला ती जागा सापडली, तिने तिथे क्लोज घातलं, गळती थांबली, सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या जागेपर्यंत येणाऱ्या वाटा तीन होत्या. त्यातल्या एका वाटेने येणारा आधीच क्लोज करून आलेला असायचा. म्हणजे त्या वाटेवर एकच आकडा, समजा सात नंबर, दोनदा बंद व्हायचा.

आत्या : दोनदा बंद केलं तर काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही. कर्नेल म्हणतो, असा नंबर नाही. पण प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड, म्हणजे तेच आकडे वापरत एकाच वेळी चालणारी कामं, असतील तर? पहिल्या क्लोजने सात मोकळा झाला. तेवढ्यात लॉग लिहिणाऱ्या थ्रेडने फाइल उघडली. सर्वांत लहान मोकळा नंबर सात, तो तिला मिळाला. मग माझं दुसरं क्लोज आलं आणि त्याने लॉगची फाइल बंद केली. सात परत मोकळा. तेवढ्यात एका ग्राहकाचं नवं कनेक्शन आलं, त्याला सात मिळाला. लॉगवाल्या थ्रेडला यातलं काही माहीत नाही. तो सातावर लिहीत राहिला. आमच्या लॉगच्या ओळी, त्यात दुसऱ्या ग्राहकांची माहिती, त्या ग्राहकाच्या सॉकेटमध्ये. त्याने ती आम्हाला पाठवली तेव्हा कळलं. मूळ कारण सापडायला चार महिने गेले, आणि ते मीच लिहिलेलं होतं.

मी काही बोलले नाही. तिने पाण्याचा ग्लास रिकामा केला.

आत्या : म्हणून मी ‘क्लोज घाल’ असं कुणाला सहज सांगत नाही. गळती परवडते. दुसऱ्याच्या नावावरची उचल आपण फेडून टाकली, तर ते परवडत नाही. अँड्रॉइडने १० व्या आवृत्तीत, २०१९ साली, डिस्क्रिप्टरला मालकाच्या नावाची चिठ्ठी लावायची सोय केली. चिठ्ठीवर नाव एकाचं आणि बंद करायला आला दुसरा, तर आधी नुसती तक्रार नोंदवायचे. ११ पासून प्रोग्राम तिथेच थांबवतात. बरं केलं. पण तू जे म्हणालीस, की कर्नेलला गळती चालते, ते अर्धंच आहे. रेफकाउंट-टी गळू देतो, पण ओरडून. तुझा रिस्टार्ट ओरडत नाही. तो पहाटे तीनला येतो आणि सगळा पुरावा धुऊन टाकतो.

मी : पुरावा कशाचा? एका विसरलेल्या क्लोजचा. मेमरी जाते, डिस्क जाते, एवढंच ना?

डिस्कचं उदाहरण आम्हा सगळ्यांना पाठ असतं. लॉगची मोठी फाइल कुणीतरी पुसतो, पण प्रोग्रामने ती उघडी ठेवलेली असते, म्हणून जागा सुटत नाही. फायली मोजल्या तर डिस्क अर्धी रिकामी, आणि डिस्कला विचारलं तर भरलेली.

आत्या : एवढंच नाही. डिस्क्रिप्टर म्हणजे नुसती जागा अडवणं नव्हे, तो परवाना असतो. ज्याच्या हातात आकडा, त्याला ती फाइल खुली. एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिला, की स्वतःचे आकडे तिला वारशाने जातात. ते जाऊ नयेत म्हणून फाइल उघडतानाच खूण करायची सोय लिनक्समध्ये २००७ साली आली, पण ती खूण आठवणीने करावी लागते. पायथनने २०१४ मध्ये, ३.४ पासून, न सांगताही तसं करायला सुरुवात केली. आणि एवढं असूनही २०२४ च्या जानेवारीत रनसीचं काय झालं?

ते मला माहीत होतं. कंटेनर सुरू करणारा रनसी हा प्रोग्राम. त्याच्या हातात बाहेरच्या मशीनच्या एका डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर उघडा राहून जायचा. कंटेनर बनवणाऱ्याने ‘माझं काम प्रॉकमधल्या एफडीच्या सात नंबरातून सुरू कर’ असं लिहून ठेवलं, की आतली प्रोसेस थेट बाहेरच्या फायलींत उतरायची. चार भिंती बांधल्या आणि मागचं दार उघडं ठेवलं, तसं. सीव्हीई-२०२४-२१६२६. १.१.१२ आवृत्तीत ते बंद केलं.

मी : मान्य. पण याचा इलाज माणसाने जास्त लक्ष देणं हा नाहीये. माझा तो भाग रस्टमध्ये असता, तर परत फिरताना सॉकेट आपोआप बंद झालं असतं. सी++ मध्येही होतं, गोमध्ये ‘डिफर’ आहे. तुमची पिढी हाताने मोजत बसली म्हणून या चुका झाल्या.

आत्या : नव्या कामाला तसंच लिही, मी कुठे नको म्हणते? पण मोजणी आपोआप केल्याने मोजणीतला दोष जात नाही. जॉर्ज कॉलिन्स यांनी ही पद्धत १९६० साली मांडली आणि तीनच वर्षांत दुसऱ्याने दाखवून दिलं, की दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं, तर बाहेर कुणीच नसतानाही दोघींची मोजणी एक राहते. हे कर्नेलमध्येही होतं. युनिक्स सॉकेटमधून डिस्क्रिप्टर पाठवता येतो ना? मग सॉकेट स्वतःमधूनच स्वतःला पाठव आणि हात सोडून दे. त्याला धरणारा तो स्वतःच! असल्या गाठी शोधायला अ‍ॅलन कॉक्स यांनी कर्नेलमध्ये वेगळा झाडूवाला बसवला होता, तो २०२४ मध्ये नव्याने लिहावा लागला.

एव्हाना साडेनऊ झाले होते. मी त्या ‘इफ’मध्ये क्लोज घालायला घेतलं. आत्याने हात धरला आणि विचारलं, इथवर येणाऱ्या वाटा किती? मोजल्या. दोन. दोन्हीकडून सॉकेट उघडंच येत होतं. मग घातलं. तपासणीच्या मशीनवर चुकीची उत्तरं देणारी एक खोटी सेवा उभी केली आणि तासभर मारा केला. आकडा ३४, ३६, ३४, ३५ असा हलत राहिला, चढला नाही.

आत्या : आता तो पहाटेचा रिस्टार्ट काढ.

मी : नाही काढणार. हा एक सापडला. दुसरा नसेल कशावरून? मी झोपलेली असताना तो पडला, तर रात्री तुला फोन करू का?

वाद इथे मिटला नाही. ती म्हणत होती, जे लपवतं ते ठेवू नये. मी म्हणत होते, लोकांचं काम अडू नये. शेवटी तीच म्हणाली, राहू दे तुझा रिस्टार्ट, पण जीव घेण्याआधी जबानी घेऊन ठेव. ते मला आवडलं. रिस्टार्टच्या स्क्रिप्टमध्ये मी दोन ओळी वाढवल्या : आधी एफडीची सगळी यादी आणि सॉकेटच्या अवस्था तारखेच्या फायलीत लिहायच्या, मग प्रोसेस मारायची.

घरी परतल्यावर आठ दिवसांच्या जबान्या मी तिला पाठवल्या. पहिल्या दिवशी ३५ ओळी, आठव्या दिवशीही ३५. सोबत लिहिलं : बघ, स्वच्छ. तिचं उत्तर दुपारी आलं.

‘नऊ नंबरला पाइप आहे. आठही दिवस तोच. दुसरं टोक तुझ्या प्रोसेसमध्ये नाही. कुणाचा आहे?’